बोलण्याला तीट

टेंभरे गुरुजींच्या घरी कुणी वाटीभर भाजी पाठवली, की दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी त्या घराच्या दारात उभे. वाटी परत करायला नव्हे. ती तर त्यांची बायको, आमच्या काकी, केव्हाच पाठवून देत. गुरुजी येत ते भाजी कशी लागली ते सांगायला. डोक्यावर टोपी, खांद्यावर पंचा, आणि जिनं भाजी रांधली तिलाच बाहेर बोलवायचं. नवऱ्याला सांगून भागत नसे. "सूनबाई, कालची चवळी बढिया झाली होती. लसूण जळू नाही दिला तुमी." एवढं बोलून माघारी. चहा विचारला तर नको म्हणत, कारण चहा घेतला की तो कसा झाला हे सांगायला परत खेप.

माझी आणि त्यांची गाठ पडली तेव्हा स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. गोंदियाहून कामठ्याला जाताना कामठ्याच्या अलीकडे आमचं गाव लागायचं. भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मध्ये तलाव, आणि तलावाच्या पाळीखाली शाळा. गुरुजी तिथले हेडमास्तर, आणि मी मुलींच्या वर्गासाठी नेमलेली नागपूरची बाई. जिभेला धार होती आणि घरच्यांच्या मते तीच माझं लग्न जमू देत नव्हती. शाळेत रुजू झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी माझ्या खोलीच्या दारात.

"बाई, काल तुमी फळ्यावर लिहिलं ते मागच्या बाकावरून वाचून पाह्यलं म्या. सगळं दिसते. चांगलं झालं."

आणि गेले. गोड बोलून गळा कापणारी माणसं मी नागपुरात पाहिली होती. आता हे कुठलं काम आपल्या गळ्यात मारतात, याची मी आठवडाभर वाट पाहिली. काम आलंच नाही. आठवड्यानंतर ते पुन्हा आले आणि मी मुलींना शिकवलेली कविता त्यांना अंगणात ऐकू येत होती, तेवढं सांगून गेले.

खरं तर या मुलखाला तोंडावर गोड बोलायची सवयच नाही. बोलणं रोखठोक. भात आवडला तर माणूस आणखी मागून घेतो, तेच कौतुक. 'आभार' हा शब्द फक्त सभेच्या शेवटी निघायचा, आणि तोही लोक उठून चपला शोधू लागले की. अशा गावात हा माणूस उठून कुणाच्याही दारात जाई आणि सांगे, की तुझ्या गाईनं काल वाट दिली, तुझ्या पोरानं विहिरीवर माझी बादली ओढून दिली. पहिल्या पहिल्यांदा म्हणे लोक त्यांना पाहून घरात लपत. गुरुजींनी बैलाचं कौतुक केलं म्हणजे उद्या बैल मागायला येणार, असा त्यांचा सरळ हिशेब. तो चुकतो आहे हे कळायला गावाला बराच काळ लागला.

घरात तर विचारूच नका. नवराबायको आपसात पोवारीत बोलत. मी बसलेली असले की मला कळावं म्हणून काकी झाडीबोलीवर येत; त्या बोलीत बायकाही 'मी जातो' असंच म्हणतात. गुरुजी न्हाणीतून बाहेर येताच म्हणायचे, "पानी बरोबर तापलं होतं." काकी चुलीपासूनच उत्तर देत, "पानीच व्हय ते. त्यात काय मोठं?" जेवताना ते पहिल्या घासाला थांबले, की काकी घाईघाईनं म्हणत, "खाऊन घ्या ना गा चुपचाप! कोनी ऐकन तं म्हनन, ह्या घरी रोज नवीन बायको रांधते." गुरुजी हसत आणि जे सांगायचं ते सांगूनच दुसरा घास घेत.

एकदा आम्ही दोघं तिरोड्याला शिक्षकांच्या बैठकीला गेलो होतो. परतीच्या गाडीत गुरुजींनी मांडीवर काठोकाठ भरलेला पितळी तांब्या धरला होता. झाकण घरी राहिलं होतं. मी मनात म्हटलं, आज माझं लुगडं भिजणार. गोंदियाला गाडी थांबली. उतरून मी फाटकाकडे वळले, तर गुरुजी उलट्या दिशेनं, तांब्या सांभाळत इंजिनाकडे. ड्रायव्हर कोळशानं काळाठिक्कर, दिवसभराच्या भट्टीनं कावलेला. वरूनच ओरडला, "क्या हुआ मास्टरजी? कोई शिकायत?"

"शिकायत नहीं भाई," गुरुजी तांब्या वर करून म्हणाले. "ये भरा हुआ लोटा है. तिरोडा से यहाँ तक गोदी में रखके लाया. एक बूंद नहीं गिरा. बहुत अच्छी गाडी चलाए आप."

मी खांबाआड उभी. ड्रायव्हरनं फायरमनकडे पाहिलं, फायरमननं तांब्याकडे. मग तो ड्रायव्हर सावकाश खाली उतरला. "हमारे पास तो लोग यही पूछने आते हैं कि गाडी लेट क्यों हुई," असं म्हणाला, आणि हाताची ओंजळ पुढे केली. गुरुजींनी तांब्यातलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं. तो घटाघट प्याला, तोंड पुसलं आणि पुन्हा वर चढला. गुरुजींचा तांब्या रिकामा झाला, त्याचंच त्यांना समाधान.

गावाकडे चालताना मी न राहवून विचारलं, "गुरुजी, हे सगळं कायले? मनात ठेवलं तर नाही चालत?" एवढ्या दिवसांत माझ्याही तोंडात 'कायले' बसलं होतं.

त्यांनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "माया मायनं जिंदगीभर भात रांधला बाई. मी बोललो एकदाच. कच्चा राहिला तवा." आणि जरा पुढे गेल्यावर, "मनात ठेवलेलं म्हंजे दुसऱ्याच्या बांधीत गेलेलं पानी. आपला धान वाळतेच." ही म्हण आहे की त्यांनी तिथेच रचली, मला अजून माहीत नाही.

अशा माणसाची बोलती बंद झाली ती पोळ्याला.

शाळेसमोर डोमाजीचं घर. डोमाजी सरळ, मेहनती शेतकरी, आणि त्याचा चांद्या नावाचा बैल हा त्याचा जीव की प्राण. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि त्याला सांगतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' गुरुजी तिथून चालले होते. थांबले. चांद्याकडे पाहत राहिले. डोमाजी, त्याची बायको सुमित्रा, म्हातारी आई आणि दोन पोरं सगळी अंगणात.

"डोमाजी," गुरुजी म्हणाले, "असा बैल ह्या शिवेत नाही. रोवण्याच्या टायमाले पाहून राहिलो होतो. चिखलात पाय टाकते, पन बांधाच्या धुऱ्याले धक्का नाही लावत. शहाना बैल आहे."

डोमाजीची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी रंगवलेली शिंगं, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल अशा थाटात चांद्या तोरणाखाली आला, आणि सगळ्या गावासमोर मटकन खाली बसला. तोंडाला फेस, पोट ढोलासारखं टम्म. तोरण तुटलं, बाकीचे बैल घरोघर गेले. चांद्याला चौघांनी ढकलत गोठ्यात नेलं. दिवस मावळायच्या आत गावभर झालं : गुरुजीची दीठ लागली.

संध्याकाळी सुमित्रा गुरुजींच्या ओसरीवर आली. मी तिथेच होते. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पदर पसरून म्हणाली, "गुरुजी, तुमचं मन चांगलं आहे, मले माहीत आहे. पन जिभेले काही असन. आमचा सारा घर त्या बैलावर आहे. आता कोनाचं चांगलं नका बोलू गा. वचन द्या."

गुरुजींनी वचन दिलं. त्यांचा दिठीवर विश्वास नव्हता. वर्गात ते मुलांना तसं सांगतही. पण सुमित्राच्या डोळ्यांतल्या पाण्यावर त्यांचा विश्वास बसला. आपल्या शब्दानं कुणाचं घर बसणार असेल तर तो शब्द नकोच, असं त्यांना मनापासून वाटलं.

चांद्या मेला नाही. काढे, शेक, उपास, सगळं झालं. आठ दिवसांनी तो उभा राहिला, दसऱ्यापर्यंत पोटभर वैरण खाऊ लागला. पण वचन ते वचन. गुरुजी शाळेत शिकवत, रागावत, हजेरी घेत. बाकी सगळं होतं, फक्त ते एक नव्हतं. वाटीभर भाजी आली की नुसते हात जोडत. रस्त्यात कुणी जड ओझं नीट तोलून नेताना दिसला, की ओठ हलायचे, आणि मग ते खाली बघून चालू लागायचे. मला वाटलं होतं, सुटले, आता सकाळी सकाळी दारात कुणी येणार नाही. आणि मीच फळ्यावर तारीख लिहून झाली की दाराकडे बघू लागले. मला त्यांच्या त्या खेपा हव्या होत्या. फार हव्या होत्या.

एक दिवस काकींनी मला स्वयंपाकघरात ओढून हळूच सांगितलं, "बाई, काल भाजीत मीठच नाही टाकलं म्या. जानून. म्हटलं आता तरी तोंड उघडन. खाऊन उठले, चुपचाप." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मीच म्हनत होतो ना, चुपचाप खा म्हनून."

धान निघाला, मळणी झाली, गाव मोकळं झालं आणि शाळेच्या नव्या खोलीचं श्रमदान निघालं. माझ्या मुली अजून मारुतीच्या ओट्यावर बसत होत्या. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं. पाऊस यायच्या आत खोली उभी करायची. दर वर्षी विहिरीचा गाळ असो, तलावाची पाळ असो, अशा कामात गुरुजी काही फार वजन उचलत नसत. ते टोपलं घेऊन हिंडत आणि ज्याला त्याला सांगत, तुझा थर सपाट बसला, तुझा चिखल बरोबर मळला. तेवढ्यासाठी लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा येत, हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. यंदा गुरुजी मुकाट्यानं टोपलं वाहत. माणसं थर रचून मान वर करत, क्षणभर थांबत, पुन्हा खाली वाकत. पहिल्या दिवशी गर्दी, मग रोज कुणी ना कुणी कमी. कुणाला लाकडं आणायची आठवण होई, कुणाच्या कमरेत लचक भरे. भिंत गुडघ्याच्या वर जाईना.

छपरासाठी बांस सुकराम आणणार होता. सुकराम गोंड, सालेकशाकडच्या जंगलातला, सोयरिकीनं आमच्या गावी येऊन राहिलेला. दहा शब्दांचं काम दोन शब्दांत करणारा माणूस. त्यानं बांसांची मोळी आणून गुरुजींच्या पायाशी टाकली आणि उभा राहिला. बांस इतके सरळ, की मला मेलीला त्यातलं काही कळत नसून कळलं. गुरुजींनी एकेकावरून हात फिरवला, तोंड उघडलं, मिटलं, आणि हात जोडले. सुकराम गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हजर. खांद्यावर दुसरी मोळी. घामानं निथळत होता.

"सुकराम, पुन्हा?" मी विचारलं.

तो गुरुजींकडेच पाहत म्हणाला, "कालचे पसंत नाही आले ना. दुसरे आनलो."

सगळं काम थांबलं. गुरुजींचा चेहरा असा झाला, की मला तिकडे बघवेना. त्यांनी सुमित्राकडे पाहिलं. ती पायानं चिखल मळत होती; ती चिखलातच पाय रोवून उभी राहिली. एक माणूस जंगलात दोनदा जाऊन आला होता, आणि त्याला एक शब्द द्यायचा तर आधी तिच्याकडून सोडवून घ्यायला हवा होता.

बोलली ती डोमाजीची म्हातारी आई. उन्हात बसून ती गवत निवडत होती. "सांगून टाकतो बापा आता," ती म्हणाली. "मले मेल्यावर नाही सांगता येनार. त्या बैलाले दीठ-बिठ काही नाही लागली. गुरुजी चांगला म्हनून गेले ना, माया जीव भरून आला. पोळ्याच्या सकारी, कोनी नाही पाहून राहिलं तवा, टोपलंभर भात अन् गूळ चारलो मी त्याले."

डोमाजीचा हात टोपल्यावरच राहिला. "माय, तू बी?"

"तू बी म्हंजे?"

"मी पीठ चारलो होतो. घमेलंभर."

सुमित्रा एव्हाना लालबुंद. "पुरनाच्या पोळ्या," ती चिखलाकडे बघून म्हणाली. "उरल्या तेवढ्या." दोन पोरं पळायच्या बेतात होती, त्यांना धरलं तेव्हा कळलं की त्यांनी वडे घातले होते. आवतण दिलंच होतं, आणि त्या कौतुकानं हरखून घरातल्या प्रत्येकानं एकमेकांपासून लपवून चांद्याला जेवू घातलं होतं! हत्तीसुद्धा बसला असता. आधी कुणीतरी फसकन हसलं, मग सगळं श्रमदान पोट धरून हसत सुटलं. सुकरामसुद्धा हसला, त्याचे दात मी तेव्हाच पाहिले.

गुरुजी मात्र हसले नाहीत. "म्हंजे माया बोलन्यानंच झालं ना ते," म्हणाले. खरंच होतं ते.

म्हातारीनं हात झटकला. "झालं तं झालं. लेकरू सुंदर असलं म्हनून कोनी त्याले झाकून ठेवते का? गालाले काजराचा टिका लावते अन् बाहेर काढते. तसा बोलन्याले टिका लावा. एक चांगलं बोला, संगं एक खोड काढा. मंग ना दीठ लागन, ना कोनी जास्त चारन. काऊन व सुमित्रा?"

सुमित्रा पुढे आली, चिखलाच्या हातांनीच नमस्कार केला. "वचन परत घेतलं गुरुजी. बोला."

गुरुजी सुकरामजवळ गेले. आवाज इतक्या महिन्यांत गंजल्यासारखा झाला होता. "सुकराम, असे बांस म्या आजवर नाही पाह्यले. कालचे बी, आजचे बी." मग थांबले, तीट शोधत होते. "पन एवढे लांब कायले आनले गा? शाळा इथंच बांधाची आहे, कचारगडावर नाही."

त्या दिवसानंतर भिंत गुडघ्यावर थांबली नाही. पाऊस यायच्या आत माझ्या मुली कवेलूखाली बसल्या.

आणि गुरुजींच्या बोलण्याला कायमची तीट लागली. ती लावण्यात ते इतके तरबेज झाले, की लोक कौतुकापेक्षा तिटेचीच वाट बघत. काकींना म्हणत, "भाजी बढिया. माया पोटाचा नगारा होऊन राहिला, तेवढंच वाईट." मला एकदा म्हणाले, "बाई, तुमी कविता म्हनता तं आवाज देवळापर्यंत जाते. रागावता तं बोदलकशाच्या तलावापर्यंत. तिकडच्या मासोळ्या भेत असतील." मी आणखीच रागावले, आणि मग हसले. एका माणसाबद्दल मात्र ते तिटेसकटही काही बोलत नसत, आणि तो माणूस नव्हता, बैल होता. चांद्यासमोरून जाताना गुरुजी तेवढं बोलणं गिळत.

काही वर्षांनी माझी भंडाऱ्याला बदली झाली. स्टेशनावर पोचवायला डोमाजीनं बंडी जुंपली, चांद्याचीच. काकींच्या पाया पडले, निघाले. गुरुजी शिवेपर्यंत बंडीबरोबर चालत आले. शिवेवर डोमाजीनं बैल थांबवले. गुरुजी चांद्याच्या समोर जाऊन उभे राहिले, आणि डोमाजीकडे पाहिलं.

"बोला ना गा गुरुजी," डोमाजी म्हणाला. "बुढा झाला आता तो. त्याले कोनाची दीठ लागन?"

गुरुजींनी चांद्याच्या कपाळावर तळवा ठेवला. "डोमाजी, असा बैल ह्या शिवेत नाही," म्हणाले. जरा थांबून, "शेपूट तेवढी आखूड."

मग माझ्याजवळ आले. "बाई, शाळा सुटली का तुमी खिडक्या लावून जात होत्या. मले कधी मागून पाहा लागलं नाही. पोरी पाटीवर लिहितेत, तं तुमचंच अक्षर दिसते." एवढंच. मी थांबले. माझ्या रागाचं काही निघेल, उशिरा येण्याचं निघेल, म्हणून तयारीत बसले होते.

"गुरुजी," मी म्हटलं, "तीट राहिली."

त्यांनी पंचा खांद्यावर सारखा केला. "राहिली कुठं? जाऊन राहिल्या ना तुमी."

जे तोंडात आलं ते मी बोलले. "गुरुजी, काल रात्री काकींनी दिलेली भाजी फार छान होती हो."

गुरुजींनी नवलानं माझ्याकडे पाहिलं. "मले कायले सांगून राहिल्या? तिले सांगा."

डोमाजीनं काही विचारलं नाही. चांद्याला चुचकारून त्यानं बंडी तिथल्या तिथे फिरवली. "गाडी उशिराच येते," असं तो स्वतःशीच म्हणाला. आणि गुरुजी बैलांच्या पुढे, पंचा सावरत, जवळजवळ पळतच गावाकडे निघाले. घर अजून लांब होतं, तरी त्यांची हाक सुरू झाली होती, "अव, बाहेर ये! बाई परत आल्या. तुले काही सांगून राहिल्या."